टायबरकाठी पडलेला नाईक

मद्रास हायकोर्टाच्या पूर्वेकडील भिंतीवर एक लहानशी पाटी बसविलेली आहे. जॉर्ज टाउनमधील कचेऱ्यांत नोकरीस असलेले आमचे मराठी बांधव, कोणी कस्टम हाउसातले, कोणी बंदराच्या कचेरीतले, कोणी रिझर्व्ह बँकेतले, कोणी मोठ्या पोस्टातले, तिच्यावरून दिवसातून दोनदा जातात. ती वाचण्यासाठी थांबलेला मात्र विरळाच. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन लढाऊ जहाजाने या किनाऱ्यावर तोफा डागल्या, त्याची ही खूण. कप्तान फॉन म्युलर याने सव्वाशेच्या आसपास गोळे टाकले, बंदराजवळील बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटविल्या आणि अर्ध्या तासात तो काळोखात निघून गेला. माणसे मूठभरच दगावली; परंतु धास्ती अशी बसली की पुढे कित्येक दिवस जॉर्ज टाउनमधून माणसांचा लोंढा आतल्या मुलखाकडे वाहत होता. खुद्द ‘एम्डेन’चा निकाल ९ नोव्हेंबरलाच कोकोस बेटांपाशी लागला. तिचे नाव मात्र तमिळ भाषेने ठेवून घेतले. बेरकी, कोणाच्या हाती न लागणाऱ्या माणसास येथे ‘एम्डेन’ म्हणतात, आणि म्हणणाऱ्यास ते एका जहाजाचे नाव आहे हे बहुधा ठाऊकही नसते.

शत्रूची आठवण अशी राहते. तिला भिंतही मिळते आणि भाषाही मिळते. उलट, येथून समुद्रापार जाऊन तेथेच पडलेल्या माणसांची आठवण शोधावयाची झाली तर किल्ला ओलांडून दक्षिणेस मरीनाच्या तोंडाशी जावे लागते. तेथे पहिल्या महायुद्धातील विजयाचे म्हणून उभारलेले युद्धस्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धाचा उल्लेख त्यावर पुढे आला आणि स्वतंत्र भारताच्या लढायांचा त्याहून पुढे. स्मारक देखणे आहे. पण ते मद्रास इलाख्यातील सैनिकांचे. आमचे मराठी शिपाई मुंबईच्या फौजेत असावयाचे. तेव्हा त्या दगडांत आपले असे कोणी सापडेल ही अपेक्षा मराठी माणसाने धरू नये.

जॉर्ज टाउनमध्ये बदलून आलेल्या मराठी माणसास पहिल्या आठवड्यातच कोणीतरी तंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबाळच्या देवळात नेतो. शिवछत्रपती दक्षिणेच्या स्वारीत असताना ३ ऑक्टोबर १६७७ रोजी या देवीच्या दर्शनास येऊन गेले, असे देवळात सांगतात. ऐकून ऊर भरून येतो, आणि तो का येऊ नये? शिवरायांची आठवण ठेवण्यास आम्हांस कोणी शिकवावे लागत नाही. परंतु रायगडाच्या शेजारच्याच माणगाव तालुक्यातला एक बावीस वर्षांचा तरुण इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात कसा पडला, हे आमच्यापैकी कितीजणांस सांगता येईल? या वस्तीचे पूर्वीचे नाव ब्लॅक टाउन. पुढे पंचम जॉर्ज बादशहाच्या नावावरून ती जॉर्ज टाउन झाली. त्या पंचम जॉर्जच्या मुलाच्या, म्हणजे सहाव्या जॉर्जच्या फौजेत हा तरुण होता. त्याचे नाव नाईक यशवंत घाडगे. त्याचा उल्लेख आम्ही पुढे एकेरीच करणार आहोत. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यास एकेरी संबोधणे काहींस रुचणार नाही. पण त्या वयाची मुले आमच्या घरांत आहेत, आणि त्यांना आम्ही अहोजाहो करीत नाही.

यशवंताचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा; गाव पळसगाव, तालुका माणगाव, जिल्हा त्या वेळचा कुलाबा, आताचा रायगड. कोकणातील या पट्ट्याची गोष्ट वाचकांस नव्याने सांगावयास नको. भाताचे एक पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. जमीन चार भावांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्यास बांधच येतात. मग एक भाऊ घरी राहतो, एक मुंबईच्या गिरणीत जातो, एक पलटणीत भरती होतो, आणि घर महिन्याच्या मनिऑर्डरीवर चालते. पोस्टमन ज्या हाताने मनिऑर्डर आणतो त्याच हाताने तार आणतो. म्हणून मुलगा पलटणीत असलेल्या घरातील बायकांस पोस्टमन दिसला की आनंद आणि भय ही एकदमच होत.

तो ज्या पलटणीत होता ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. १९२२ च्या पुनर्रचनेपूर्वी तिचे नाव एकशेदहावी मराठा. समुद्रापार मरणे या पलटणीस नवे नव्हते. पहिल्या महायुद्धात ती मेसापोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सेना शरण गेली तेव्हा शत्रूच्या हाती लागली. भुकेने खंगलेल्या त्या कैद्यांस वाळवंटातून चालविण्यात आले आणि त्यांतील कित्येक घरी परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात हीच पलटण १९४१ साली एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर इटालियनांशी लढली. तेव्हा तिचे नेतृत्व करणारे डेनिस रीड पुढे मेजर जनरल झाले, आणि १९४४ साली इटलीत ज्या दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये ही पलटण लढली तिचे सेनापती तेच होते. म्हणजे वरच्या नकाशावर बोट ठेवणाऱ्यास खालच्या डोंगरावर चढणारी माणसे कोण आहेत हे नीट ठाऊक होते. लढाईत असा योग क्वचित येतो.

१९४४ च्या ४ जूनला रोम पडले. वर्तमानपत्रांनी इटलीची मोहीम संपल्यासारखीच धरली, कारण दोनच दिवसांनी नॉर्मंडीचे आक्रमण सुरू झाले आणि जगाचे डोळे तिकडे वळले. प्रत्यक्षात जर्मन फौज पळत नव्हती. फील्ड मार्शल केसेलरिंगची माणसे एकेक खोरे, एकेक टेकडी अडवीत उत्तरेकडे सरकत होती, आणि त्यांच्या मागे अपेनाइन पर्वतात ‘गॉथिक लाइन’ची तटबंदी तयार होत होती. वेळ काढणे एवढेच त्यांना करावयाचे होते. आणि डोंगराळ मुलखात वेळ काढावयास फार माणसे लागत नाहीत. एका वाकणावर एक मशिनगन, तिच्याजवळ चारपाच माणसे आणि मागे झाडीत दोन नेमबाज एवढ्या शिबंदीवर सबंध कंपनी दिवसभर अडून राहते. पेरुजियाच्या उत्तरेस टायबरचे वरचे खोरे आहे. रोमजवळची ती सुस्त, पिवळट नदी तेथे डोंगरांतून येणारा एक खळाळता ओढा वाटावा अशी आहे. दोन्ही बाजूंस ऑलिव्हच्या बागा आणि माथ्यामाथ्यावर तटबंदीची जुनी गावे. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या मुलास तो मुलूख सर्वस्वी परका वाटला नसेल, असे आम्हांस उगाच वाटते. गड, माची आणि खालचे खोरे यांचा अर्थ त्यास कोणी समजावून द्यावा लागला नसणार.

१० जुलै १९४४. कंपनीने एका मजबूत मोर्चावर चाल केली. नाईकाच्या हाताखाली एक सेक्शन असते, म्हणजे दहाएक माणसे. यशवंताची सेक्शन अगदी जवळून मशिनगनच्या माऱ्यात सापडली आणि क्षणार्धात तिची सारी माणसे मेली किंवा जखमी झाली. एकटा नाईक उभा राहिला. अशा वेळी आडोसा धरून पडून राहणे हे सैनिकी शास्त्रातही दोषास्पद मानलेले नाही. तो पडून राहिला नाही. त्याने धावत जाऊन मोर्चावर हातबाँब फेकला. मशिनगन आणि ती चालविणारा दोन्ही निकामी झाली. मग आपल्या टॉमी-गनने दुसऱ्या एकास त्याने लोळविले. मॅगझिन रिकामे झाले आणि बदलावयास उसंत नव्हती, तेव्हा त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांस दस्त्याने ठोकून ठार केले. मोर्चा हाती आला. त्याच वेळी दुरून शत्रूच्या नेमबाजांनी त्याच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या खंदकातच त्याने प्राण सोडला. तेविसावे वर्ष लागून आठ महिनेही झाले नव्हते.

सरकारी मानपत्रात ही हकीकत इतक्याच थोड्या ओळींत आलेली आहे. तिला विशेषणांनी सजविण्याचा मोह मराठी लेखकांस फार होतो. आम्ही तो आवरतो. शेवटच्या दोन माणसांचे मरण ही काही रम्य गोष्ट नाही. तीही कोणाची तरी मुले होती आणि त्यांच्याही घरी तार गेली असेल. पण त्या डोंगरावर काय घडले हे ज्यास जाणावयाचे असेल त्याने बंदूक नळीकडून धरण्याचा तो क्षण डोळ्यांसमोर आणावा. सतत गोळ्या सुटलेली नळी हाताने धरवत नाही इतकी तापलेली असते.

व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ साली सुरू झाला. हिंदी सैनिकांस तो मिळण्याची सोय १९११ साली झाली. पहिला हिंदी मानकरी खुदादाद खान. त्याचा पराक्रम बेल्जियममधील हॉलेबेक येथला, ३१ ऑक्टोबर १९१४ चा, म्हणजे ‘एम्डेन’चे गोळे जॉर्ज टाउनवर पडल्याला सहा आठवडेही झाले नव्हते तेव्हाचा. इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा भारतीय सेनेतील सैनिकांना. आणि त्या सहांपैकी दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीस. दुसरा मानकरी नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातला, पहिल्या पलटणीचा. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीच्या काठी त्याने आपल्या जखमी सोबत्यांस माऱ्यातून उचलून आणले आणि शत्रूचे मशिनगन-मोर्चे उडविले. नामदेव जाधव घरी परतला आणि १९८४ पर्यंत जगला. लोकांनी त्यास पाहिले, त्याचे बोलणे ऐकले. यशवंताच्या बाबतीत तसे काहीच मागे उरले नाही.

त्याचे पदक १९४५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते त्याच्या तरुण पत्नीस देण्यात आले. पळसगावाहून दिल्ली! तिच्या मनात तेव्हा काय असेल, याविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण त्या स्थळाविषयी लिहिलेच पाहिजे. कारण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. भुलाभाई देसाई बचावास उभे राहिले आणि सारा देश त्या आरोपींच्या मागे उभा राहिला. ते योग्यच झाले. परंतु त्या दिवसापासून मार्चमधील समारंभ लोकांच्या मनातून पुसला गेला. एकाच किल्ल्यात आठ महिन्यांच्या अंतराने झालेल्या दोन प्रसंगांपैकी एक राष्ट्राच्या इतिहासात गेला आणि दुसरा पलटणीच्या दप्तरात.

त्या काळात ‘भाडोत्री’ हा शब्द फार सहज वापरीत. सरकारची चाकरी करणारे, पोटासाठी लढणारे, असे सैनिकांविषयी म्हणत. या शब्दाचा आम्हांस थोडा झाडा घ्यावयाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सेनेत पंचवीस लाखांच्या आसपास माणसे होती, आणि त्यांतील प्रत्येकजण आपण होऊन भरती झालेला होता. ते का गेले? कोणी पगारासाठी, कोणी बापाच्या पलटणीच्या अभिमानाने, कोणी गावातून सुटका हवी म्हणून. पुढाऱ्यांचे तरी एकमत कोठे होते? काँग्रेसने १९४२ साली ‘चले जाव’चा ठराव केला, सावरकर तरुणांस सैन्यात शिरा म्हणून सांगत होते, डॉ. आंबेडकर नाझी राज्यास सर्वांत मोठे संकट मानीत होते, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. साताऱ्याची गोष्ट तर याहून विलक्षण. मराठा पलटणींस माणसे पुरविणाऱ्या त्याच जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. एका घरातला एक भाऊ टायबरवर आणि दुसरा कृष्णाकाठच्या उसात लपलेला, असे तेव्हा सहज घडू शकत होते. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे ज्या सरकारच्या डोळ्यांदेखत अन्नावाचून मेली, त्याच सरकारच्या वतीने यशवंत पुढल्या वर्षी हिटलरच्या सैन्याशी लढला. या गाठी कोणा एकाच्या सोडविण्याजोग्या नव्हत्या. बावीस वर्षांच्या नाईकाने त्या सोडवाव्या आणि मगच मरावे अशी अपेक्षा करणे हा शहाणपणा नव्हे.

आणि चाकरीविषयी बोलावयाचे तर आपण सरकारी माणसांनी जरा जपून बोलावे. १९४४ साली याच जॉर्ज टाउनमध्ये, याच इमारतींत, त्याच बादशहाच्या नावाने जकात वसूल होत होती, टपाल फुटत होते, निवाडे दिले जात होते. ज्यांनी ते काम केले त्यांना पुढे कोणी भाडोत्री म्हटले नाही. १९४७ च्या ऑगस्टात ते त्याच खुर्च्यांवर बसून स्वतंत्र भारताचे सेवक झाले, यथाकाल निवृत्त झाले, पेन्शन घेऊन सन्मानाने जगले. त्यात गैर काहीच नाही. राज्य चालावयास कारकून आणि कलेक्टर दोन्ही लागतात. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की दोघांचा धनी एकच होता, पगाराचे पत्रकही एकाच तिजोरीवर निघत होते. एकाची सेवा पुढच्या राज्यात जमेस धरली गेली. दुसरा तोपर्यंत जिवंत राहिला नाही एवढाच काय तो फरक, आणि संशयाची नजर मात्र त्याच्याकडे गेली.

एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमार बंगालच्या उपसागरात शिरले तेव्हा मद्रासच्या सरकारी कचेऱ्यांनीही आतल्या गावांकडे मुक्काम हलविले होते आणि शहर ओस पडले होते. आम्ही त्यास भ्याडपणा म्हणत नाही. बायकामुले असलेल्या माणसाने तसेच करावे. पण ज्यास हलण्याची मुभा नव्हती अशा माणसाचे मोल त्यावरून कळते.

इटलीत ज्यांच्या समाधीचे ठिकाण ज्ञात नाही अशा राष्ट्रकुलातील चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कॅसिनोच्या युद्धस्मशानात उभ्या केलेल्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत यशवंत घाडगे हे नाव आहे. म्हणजे ज्याने जिंकलेला मोर्चा सरकारी कागदांत नोंदला गेला, ज्याच्या घरी पदक पोहोचले, त्याचा देह कोठे विसावला याची खूण नाही. आपल्याकडील घरांत याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. अस्थी नाहीत, म्हणून नदीवर जाणे नाही. मृत्यूची तिथी तारेवरून आणि पंचांगावरून काढावयाची. पिंडास कावळा शिवला तरी मनात कोठेतरी राहून जाते की कदाचित तो कोठे असेल, कैदेत असेल, एक दिवस दारात उभा राहील. दूरदेशी मेलेल्याच्या घरचे दुःख असे अर्धवट उघड्या दरवाजासारखे असते. ते बंदही होत नाही.

गावाने त्यास विसरले नाही. माणगावात त्याचा पुतळा आहे. पलटणीनेही विसरले नाही. पलटणी विसरत नसतात, त्यांचे सारे जगणेच आठवणीवर उभे असते. मध्ये जी मोठी जागा राहिली, ज्यास आपण समाज म्हणतो, वर्तमानपत्रे आणि पाठ्यपुस्तके म्हणतो, तेथे त्याचे नाव क्वचितच निघाले.

आणि मग जुलै २०२३ मध्ये एक बातमी आली. इटलीतील उंब्रिया प्रांतात, पेरुजियाजवळ, मोन्तोने नावाचे गाव आहे. टायबरच्या खोऱ्यावर डोकावणारे, तटबंदीचे, जुन्या धाटणीचे. त्या गावाने आणि इटलीतील काही युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून यशवंत घाडगेच्या नावाने एक स्मारक उभारले. ते पुतळ्याचे नाही. ते सूर्यघटिकेचे, म्हणजे सावलीवरून वेळ दाखविणाऱ्या यंत्राचे आहे. त्यावर लॅटिनमध्ये ब्रीद कोरले आहे; त्याचा आशय असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. भारताच्या राजदूत तेथे उपस्थित होत्या. त्या प्रसंगी इटलीच्या मोहिमेचे आकडेही पुन्हा प्रसिद्ध झाले: चौथ्या, आठव्या आणि दहाव्या भारतीय डिव्हिजनांतून सुमारे ५०,००० सैनिक तेथे लढले, २३,७२२ हताहत झाले, त्यांपैकी ५,७८२ जण मृत्यू पावले, आणि त्यांच्या समाध्या व नावे इटलीभर चाळीस युद्धस्मशानांत विखुरलेली आहेत.

मोन्तोनेची आणखी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. हे गाव इटलीच्या इतिहासात ज्यामुळे प्रसिद्ध आहे तो ब्राच्चो दा मोन्तोने हा पंधराव्या शतकातील एक नामांकित भाडोत्री सेनापती. जो राजा किंवा जे नगर पैसे देईल त्याच्या बाजूने तो लढे. १४२४ साली लढाईतील जखमांनी मेला. इटालियन लोकांस त्याची लाज वाटत नाही. ज्या गावाने भाडोत्री शूर जवळून पाहिलेले आहेत, त्याला खरा भाडोत्री कोण आणि कोण नव्हे हे आपल्यापेक्षा बरे समजत असेल. मोन्तोनेकरांच्या दृष्टीने गोष्ट साधी होती. त्यांच्या डोंगरावर परक्या फौजेचा मोर्चा होता. समुद्रापलीकडून एक मुलगा आला, त्याने तो घेतला आणि तेथेच मेला. तो कोणत्या राजाचे मीठ खात होता, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

आपण मात्र आधी युद्ध कोणाचे होते ते पाहतो आणि मग मेलेल्याकडे वळतो. यावर कोणी म्हणेल की ते परक्या राज्याचे युद्ध होते म्हणून असे झाले. स्वतंत्र भारताचा सैनिक समुद्रापार पडला असता तर निराळे घडले असते. या बाबतीत जॉर्ज टाउनलाच साक्ष द्यावी लागेल, कारण गोष्ट याच्या दाराशी, बंदरात घडलेली आहे.

२९ जुलै १९८७ च्या करारानंतर भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली. शांततेसाठी म्हणून गेलेल्या या सेनेस ऑक्टोबरपासून जाफन्याच्या गल्ल्यांत लढावे लागले. तिच्यात आमच्या पलटणी होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती, महार रेजिमेंटची आठवी होती. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतणाऱ्या आठव्या महारच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्या गनिमांनी हल्ला केला. तिचे नायक मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी माणसे घेऊन उलट शत्रूच्या पिछाडीस वळसा घातला. हातघाईत त्यांच्या छातीत गोळी लागली. तशाही अवस्थेत त्यांनी समोरच्याची बंदूक हिसकावून त्यास ठार केले आणि श्वास असेपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, माटुंग्याच्या शाळेत शिकलेले तमिळ गृहस्थ. सैनिकी शिक्षण झाले येथे मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये. आणि आयुष्य गेले महार रेजिमेंटमध्ये. मुंबई आणि मद्रास या दोन शहरांचे असे मिश्रण आमच्या वाचकांस विशेष जवळचे वाटेल.

मार्च १९९० मध्ये शांतिसेनेच्या शेवटच्या तुकड्या जहाजाने मद्रास बंदरात उतरल्या. अकराशेहून अधिक माणसे मागे ठेवून त्या आल्या होत्या. राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतास गेले नाहीत. श्रीलंकेतील तमिळांवर या सेनेने हत्यार उचलले, हे त्यांचे कारण. येथील पुष्कळांच्या मनातही तेच होते, आणि त्या भावनेमागे खरे दुःख होते हे आम्ही नाकारीत नाही. नागरिकांची घरे आणि प्राण त्या लढाईत गेले. पण बंदरावर उतरलेल्या जवानाने तो करार लिहिलेला नव्हता. त्या सेनेतील मृतांची नावे काळ्या संगमरवरावर कोरलेले स्मारक पुढे उभे राहिले ते कोलंबोजवळ, श्री जयवर्धनपुर कोट्टे येथे; २००८ साली ते पुरे झाले. येथेही दगड उभा केला तो ज्या भूमीवर माणसे पडली तिनेच.

परमेश्वरन यांचे नाव आता चेन्नईतील एका सैनिकी वसाहतीस आहे. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातील एकवीस निनावी बेटांस परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे देण्यात आली, त्यांतील एक त्यांचे. अंदमानची जहाजे याच बंदरातून सुटतात, तेव्हा आमच्या वाचकांपैकी कोणाची बदली तिकडे झाली तर त्यांनी नकाशात ते बेट शोधून पाहावे.

यशवंत घाडगेच्या गावी जाणे त्याहून सोपे आहे. रजेवर घरी जाताना कोकण रेल्वेने निघाल्यास माणगाव स्टेशन लागते; मोटारीने निघाल्यास मुंबई-गोवा रस्ता गावातूनच जातो. बहुतेक लोक तेथे चहापुरते उतरतात, कोणी रायगडाकडे वळतात. पुतळा पाहून पळसगावाची वाट विचारावी. जुलै असेल तर रस्त्याच्या दोन्ही अंगांस लावणी चाललेली असते, आणि इरले पांघरून वाकलेली माणसे पाठ सरळ न करताच हाताने दिशा दाखवितात.